पुठ्ठ्यातली अक्षरं

नत्थूजी,

तुम्ही गेल्याचा निरोप घेऊन तुमचा पुतण्या वर्ध्याजवळ सिंदी मेघेत माझ्या दाराशी आला, तेव्हा मी चौथीच्या मुलींच्या वह्या तपासत बसले होते. "काका गेले बाई. जेवले, आडवे झाले, अन् उठलेच नाई," तो म्हणाला. खरं सांगायचं तर मला आधी रडू आलं नाही. आधी वाटलं, देवा, बरं झालं, आमचं बोलणं सुरू झालं होतं. हाच निरोप दीड वर्षापूर्वी आला असता तर मी काय केलं असतं? वह्या तपासत राहिले असते बहुतेक. आणि मग जन्मभर ते मला सलत राहिलं असतं. रडू नंतर आलं, पुतण्या परत गेल्यावर, पण त्याआधी सुटकेचा श्वास येऊन गेला होता. तुमच्यापासून काय लपवायचं!

जिल्ह्यातल्या वाचनालयांत तुम्ही बांधलेली पुस्तकं नाहीत असं कपाट सापडणार नाही. आणि तुम्हाला एक अक्षर वाचता येत नव्हतं, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. तुम्हाला पानांवरचे आकडे तेवढे कळायचे. पान मागंपुढं झालं की तुमची जीभ टाळूला लागायची, 'च्च'. दर उन्हाळ्यात आठ दिवस तुम्ही अल्लीपूरच्या वाचनालयाच्या ओसरीवर बसायचात. समोर फाटक्या पुस्तकांचा ढीग, बाजूला खळीचं पातेलं. खळीला कीड लागू नये यासाठी मोरचूद टाकायचात, म्हणून ती निळसर दिसायची आणि मांजरसुद्धा तिच्याकडे फिरकत नसे. "मास्तरीणबाई, पुस्तकात काय हाय ते तुमी पाहा. ते किती साल टिकन, ते मी सांगतो," असं म्हणायचात. मला तुमचा हा तोरा आवडायचा. तुम्हाला तसं कधी सांगितलं नाही.

त्याच ओसरीच्या दुसऱ्या टोकाला माझा बायांचा वर्ग भरायचा. सुट्टीत गावी आले की मी दुपारी दोन तास घ्यायची. सात-आठ बाया यायच्या, त्यातली एक माझी आई. पन्नाशीला टेकलेली बाई पोटच्या पोरीकडून बाराखडी शिकत होती आणि चुकली की माझ्यावरच डाफरत होती. दोन उन्हाळ्यांत ती स्वतःची वाक्यं लिहू लागली. वह्या घरी न्यायच्या नाहीत असा आमचा नेम होता, कारण घरी नेलेली वही चुलीत जायची नाहीतर नातवंडांच्या हाती. सगळ्या वह्या वाचनालयाच्या कपाटात, खालच्या फळीवर. वर्ग मोडला तेव्हा बाकीच्या बाया आपापली वही घेऊन गेल्या. आईची राहिली. ती आजारी पडली, गेली, आणि मी दर सुट्टीत म्हणत राहिले, पुढच्या खेपेला नेईन. तीन वर्षं म्हणत राहिले. आईचं अक्षर जगात फक्त त्या एका वहीत होतं आणि मला ती उघडायची छाती होत नव्हती.

मग ते पुस्तक निघालं. पुस्तक म्हणजे काय, गावाच्या आणि वाचनालयाच्या इतिहासाची चाळीस पानं, हिंगणघाटला छापलेली. नेमका त्याच सुमाराला नवा कायदा आला होता: देशात जे पुस्तक छापलं जाईल त्याची एक प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पाठवायची. बाकीच्या प्रती असतील तशीच ही एक, एवढंच कायद्याचं म्हणणं. पण आपल्या वाचनालयाच्या अध्यक्षांना ते कमी वाटलं. लेक एवढ्या मोठ्या घरी द्यायची ती नेसत्या लुगड्यानिशी का? इतर प्रतींना पातळ कागदाचं वेष्टन, पण कलकत्त्याच्या प्रतीला जाड पुठ्ठा, वर लाल कापड, हे त्यांनी ठरवून टाकलं. तुम्हीही हरखलात. जाड पुठ्ठा त्या दिवशी बाजारात मिळेना, तेव्हा तुम्ही म्हणालात की मीच बनवतो. रद्दीचे कागद खळीनं एकावर एक चिकटवायचे आणि दगडाखाली दाबून ठेवायचे, तुमच्या वडिलांची रीत. कपाटाच्या खालच्या फळीवर एक जुनी वही पडली होती, कागद चांगला जाड. "हे रद्दी घेऊ का जी?" तुम्ही अध्यक्षांना विचारलंत. त्यांनी चष्मा न लावताच मान हलवली.

दिवाळीच्या सुट्टीत शेवटी मी हिय्या करून वही आणायला गेले. फळी मोकळी. अध्यक्ष म्हणाले, नत्थूजीला विचारा. तशीच मोटार धरून वर्ध्याला तुमच्या दुकानात आले. तुम्ही नीट आठवून सांगितलंत, वहीची शिवण कशी उसवली, किती पानं या पुठ्ठ्यात, किती त्या. माझा चेहरा पाहिल्यावर तुमच्या हातातली सुई थांबली.

"ती माझ्या आईची वही होती, नत्थूजी."

तुम्ही सुई पुठ्ठ्यात टोचून ठेवलीत. मग म्हणालात, "फेकली नाई बाई. चिकटवली."

त्या 'चिकटवली'वर मी जी भडकले! काय काय बोलले ते आज लिहवत नाही. ज्याला वाचता येत नाही त्यानं कागदाला हात का लावावा, हेही बोलले. बाजार ऐकत होता. तुम्ही खाली मान घालून बसलात आणि मी पायऱ्या उतरले. त्यानंतर सव्वा वर्ष मी तुमच्या दुकानावरून गेले की रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं. शाळेची पुस्तकं बांधायला पुलगावला पाठवली, एवढा माझा ताठा. अध्यक्षांशी मात्र मी हसून बोलत होते. त्यांनीही मान हलवली होती, आणि तीन वर्षं वही तिथं ठेवली होती ती मी. पण तुमच्यावर रागावणं सोपं होतं. मोठ्या माणसावर रागावायला धीर लागतो, स्वतःवर रागावायला त्याहून जास्त.

आणि एके दिवशी, संक्रांत नुकतीच झाली होती, तुम्ही माझ्या दारात. डोक्याला मफलर, हातात टोपी. मी 'या' म्हटलं नाही. तुम्ही उंबऱ्याबाहेर उभ्यानंच सुरुवात केलीत. "मी कलकत्त्याले गेलतो बाई."

खरगपूरला तुमची मुलगी दिलेली, जावई रेल्वेत. तिला भेटायला म्हणून गेलात आणि तसेच पुढे कलकत्त्याला. बंगाली येत नाही, वाचता येत नाही, हातात पुस्तकाच्या नावाची एक चिठ्ठी, तीही पुतण्याकडून लिहून घेतलेली. ती चिठ्ठी दाखवत दाखवत तुम्ही देशाच्या ग्रंथालयाच्या फाटकाशी पोचलात. मी दार धरून ऐकत राहिले. ऐकायचं नाही असं ठरवलं होतं, पण तुम्ही सांगत असा होतात की काय करणार!

"लाटसाहेबाचा बंगला व्हता म्हणते तो. जिथं मडमा नाचत, तिथं आता पुस्तकाच्या मांडण्या. मले वाटलं, बरी खोड मोडली." तिथल्या मराठी विभागात एक पुण्याकडचे गृहस्थ तुम्हाला भेटले. तुमची बोली ऐकून ते आधी हसले आणि मग त्यांनी तुम्हाला हिंडवून सगळं दाखवलं. हे ग्रंथालय मुळात कलकत्त्याच्या लोकांनी वर्गणी काढून उभं केलं, हे ऐकून तुम्ही खूश. "म्हंजे आपल्या अल्लीपूरवाणीच!" मग इंग्रजांनी ते घेऊन सरकारी केलं, मोठं केलं. लढाईत जागा लागली तेव्हा पुस्तकं दुसरीकडे हलवली. स्वराज्य आल्यावर नाव बदललं आणि त्या बंगल्यात नेऊन सगळ्यांना उघडं केलं. एका न्यायाधीशाची जन्मभराची पुस्तकं त्याच्या घरच्यांनी तिथं दिली आहेत. एका घराण्यानं दिलेल्या अरबी-फारसी पोथ्या आहेत. हे सगळं त्या गृहस्थांनी सांगितलं आणि तुम्ही जसंच्या तसं ध्यानात ठेवलंत. मी शिकलेली बाई, मला यातलं काही माहीत नव्हतं.

पण तुमचा खरा आनंद पुढेच होता. "बाई, फारशी पुस्तक उलटीकडून उघडते! शिवण उजव्या आंगाले. अन् एक चामड्याची बांधणी पायली, दोन-तीनशे सालाची असन, टाका ढिला नाई. मी हात जोडले." लोक तिथं वाचायला जातात. तुम्ही त्या मांडण्यांमधून बोटांनी पाहत गेलात. मला नाही वाटत, तुम्ही पाहिलं तसं ते ग्रंथालय कोणी पाहिलं असेल.

मग त्यांनी आपलं पुस्तक काढून आणलं. लाल कापड. "माहं पुस्तक मी टाक्यावरून वळखलं." तुम्ही त्यांना पुठ्ठा उसवू द्या म्हणालात. ते म्हणाले, आता हे देशाचं पुस्तक आहे, कोणाला उसवता येत नाही. तेव्हा तुम्ही त्या एवढ्या मोठ्या खोलीत ठणकावून सांगितलंत, "पुस्तक तुमचं जी. पुठ्ठ्याच्या आतलं आमच्या बाईचं हाय."

दारातच माझा राग निम्मा उतरला. उरलेला निम्मा उतरायला तुम्हाला आत बोलावून चहा द्यावा लागला. त्याच दिवशी मी अर्ज लिहिला. महिन्याच्या आत उत्तर आलं, अतिशय सभ्य: ग्रंथाची मोडतोड करता येत नाही, आपलं म्हणणं नोंदवून घेतलं आहे. तुम्हाला वाचून दाखवलं तर तुम्ही म्हणालात, "नोंदवून घेतलं ना? मंग झालं. सरकार इसरत नाई, फकत उशीर करते."

आणि तसंच झालं की हो! या हिवाळ्यात पार्सल आलं. पुठ्ठे फुगले, वाकडे झाले, म्हणून त्यांच्या दुरुस्ती विभागानं पुस्तकाला नवी बांधणी केली. जुने पुठ्ठे त्या पुण्याच्या गृहस्थांनी आठवणीनं माझ्या पत्त्यावर पाठवले. मी पार्सल घेऊन धावत तुमच्या दुकानी आले, आणि तुम्हाला काय लागलं? पुठ्ठे फुगले हे लागलं! "बाई, ते वर्ध्याच्या हवेचे पुठ्ठे व्हते. कलकत्त्याची हवा वली." मग हळूच कबूल केलंत की तुम्ही गेला होतात तेव्हाच ते जरासे फुगलेले होते. ते मला सांगितलं नव्हतं. मी इतकी हसले की तुमच्या शेजारचा घड्याळवाला उठून पाहायला आला.

तुम्ही विचारलंत, "शिसपेन व्हती का टाक?" मला आठवेना. शिसपेन असेल तर पाण्यात टिकेल, शाई असेल तर जाईल. पहिल्या रविवारी माझ्या अंगणात परातीत कोमट पाणी घेतलं, पुठ्ठा त्यात ठेवला, आणि दोन तास आपण दोघं त्या परातीपाशी बसून राहिलो. मग तुम्ही बांबूच्या कामटीची पातळ पट्टी दोन कागदांमध्ये सरकवलीत आणि पहिलं पान सुटून आलं. धोतराच्या फडक्यावर पसरलंत. तुम्हाला वाचता येत नव्हतं, तरी माझ्याआधी तुम्ही ओरडलात, "हाय बाई! हाय हाय!"

'विहिरीवर आज भांडन झालं. माही चुकी नवती.' माझ्या आईचं अक्षर, शिसपेनीचं, डोकी वाकडी, काना लांब. मी तुम्हाला वाचून दाखवलं आणि मग मला काही दिसेना. तुम्ही उठून आडाकडे तोंड करून उभे राहिलात, माझं रडणं संपेपर्यंत. किती दिवसांनी आई माझ्याशी बोलत होती, आणि तेही भांडणाचं!

सगळी पानं आली नाहीत. तिसऱ्या रविवारी एक पान सुटलं ते पसरलेल्या शाईनं नुसतं निळं. त्यामागून दोन तशीच. शेवटी शेवटी तिला छान येतं म्हणून मी बक्षीस म्हणून टाक दिला होता. त्या टाकानं तिनं काय लिहिलं ते आता कधी कळणार नाही. तुम्ही म्हणालात, "हे माह्या हातानं झालं." मी म्हटलं, नाही नत्थूजी, माझ्या बक्षिसानं. त्या दिवशी चहा तसाच राहिला. तो डाग राहणार, तुमच्यावर काय आणि माझ्यावर काय.

पण एक गोष्ट तुम्ही कधी बोलला नाहीत, ती अध्यक्षांनी परवा तुमच्या दारात सांगितली. तुम्ही वही नेलीत त्याच पावसाळ्यात त्या कपाटाला वाळवी लागली होती, खालची फळी माती होऊन गेली, दिवाळीआधी नवी बसवावी लागली. वही तिथं असती तर एक पान उरलं नसतं. तुम्ही ती नेऊन चिकटवलीत, म्हणूनच ती वाचली. तुम्हाला हे माहीत होतं, तुम्हीच ते कपाट मग साफ केलं होतंत. बाजारात मी तोंडाला येईल ते बोलले, तरी नंतर एकदाही तुम्ही हे उत्तर तोंडावर फेकलं नाहीत. मी असते तर पहिल्या दिवशी फेकलं असतं.

शेवटच्या रविवारी मात्र आपण भांडलोच. तुमचं म्हणणं, एक पान परत कलकत्त्याला पाठवा. "तिथं मोठमोठे लोकं हायेत. तुमच्या मायचं एक पान राह्यलं त काऊन नाई?"

"ती माझी आई आहे नत्थूजी. देशाची नाही."

"देशातलीच व्हती ना जी?"

"तुम्हाला काय कळतं त्यातलं!" मी म्हटलं. हे वाक्य मला आता गिळता येत नाही. तुम्ही नुसते हसलात. दोन पानं अजून घट्ट चिकटलेली होती, ओढली असती तर फाटली असती. "राहू द्या. पुढच्या रविवारी पाहू," म्हणालात आणि गेलात. गुरुवारी पुतण्या आला.

ती दोन पानं मी एकटीनं सोडवली, नत्थूजी. तुम्ही करायचात तसंच, घाई न करता, कोपऱ्यापासून. एकावर नुसत्या सह्या आहेत, तिच्या नावाच्या, वरपासून खालपर्यंत. दुसऱ्यावर चार ओळी, सगळ्या शिसपेनीच्या. पहिल्या खेपेला मी उभ्यानं वाचल्या आणि एकदम मोठ्यानं हसले, मग खाली बसून हसले, आणि हसता हसता दुसऱ्या पानाचा कोपरा ओला केला. तुम्ही तिथं असायला हवे होतात.

'आज नत्थूजीले म्हटलं या बसा पाटी घिऊन. म्हनते माहं वय गेलं. माह्यापेक्षा तीन सालानं लहान हाय. आळसी हाय.'

तुमचा मुद्दा मी मान्य केला आहे. एक पान पाठवते आहे, आणि हेच पाठवते आहे. वाळवून, दोन जाड कागदांत घालून ठेवलं आहे, उद्या सकाळी टपालात पडेल. त्या पुण्याच्या गृहस्थांना लिहिलं आहे की हे आपल्या पुस्तकात, नव्या बांधणीच्या आत जपून ठेवावं, आणि यातले नत्थूजी म्हणजे ज्यांनी पहिली बांधणी केली तेच. मोठमोठ्या लोकांच्या शेजारी आता तुमचं नाव राहील, माझ्या आईच्या अक्षरात, पुढं काय लिहिलंय त्यासकट. मी त्यात बदल करणार नाही. तुम्हाला काही म्हणायचं असेल तर तिलाच म्हणा. ती तिकडेच आहे.